मालगाडी काकूंचा उजवा कान

मालगाडी काकू घराबाहेर पडताना कधी ‘येते’ म्हणत नसत. सरळ ‘जाते’ म्हणत. जिन्यात गाठ पडली की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "काकू, येते म्हणा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी भाजी आणायला जाते आहे. आले की आले म्हणेन." आणि खरंच, तासाभराने माझं दार वाजवून त्या म्हणायच्या, "आले गं. जिवंत आहे." त्यांना हा विनोद वाटे. माझे कान मात्र तो तासभर जिन्याकडे लागलेले असत.

मालगाडी हे नाव त्यांना वारज्यातल्या आमच्या सोसायटीने दिलं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी एका कारागिराकडून सामान वाहायची सायकल मुद्दाम बांधून घेतली होती. जाड नळ्यांची, बुटकी, पुढे भाजीचा क्रेट, मागे लांबलचक लोखंडी कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही अंगांना ताडपत्रीच्या पिशव्या. दळणाचे डबे, आठवड्याची भाजी, कुंड्यांसाठी माती, बिघडलेला मिक्सर, सगळं तिच्यावरून जाई-येई. हल्ली सगळं घरपोच मिळतं, असं कुणीतरी त्यांना सुचवलं. काकू म्हणाल्या, "मग मी काय रस्त्यात टाकून येते?"

मी मूळची वाशिमची. नोकरीसाठी पुण्यात आले आणि पहिल्याच वर्षी स्कूटरवरून पडले. हाड जुळलं, धीर जुळला नाही. हायवेचा सर्व्हिस रोड ओलांडायचा तर अजूनही मी दुसरं कुणी निघेपर्यंत कडेला उभी राहते, आणि ते माणूस निघालं की त्याच्या आडोशाने पलीकडे जाते. काकूंना हे कळल्यावर त्यांनी आपली जुनी साधी सायकल माझ्यापुढे उभी केली. "भीती वाटते म्हणजे डोकं शाबूत आहे. चल माझ्या मागून." तेव्हापासून दर शनिवारी सकाळी पुढे त्यांची मालगाडी आणि मागे घामाघूम झालेली मी, असे आम्ही मंडईला जाऊ लागलो.

पायी चालताना त्या मला नेहमी डाव्या हाताला घेत. बाकावर बसलो तरी तसंच. मी चुकून उजवीकडे गेले तर दंडाला धरून अलीकडे आणत. वाहनांच्या बाजूला स्वतः राहून त्या मला जपतात, असं वाटून मला मनातल्या मनात भरून येत असे.

मग तो टेम्पो आला. मंडईतून परतताना मागून, उजव्या बाजूने, हॉर्न वाजवत. काकूंनी डावीकडे मान वळवली. डावीकडून कुणीतरी घुसतंय असं समजून त्यांनी भरलेली सायकल उजवीकडे घेतली, थेट टेम्पोपुढे. टेम्पोचा ब्रेक करकचून लागला. क्रेटमधली मेथी रस्त्यावर पसरली. ड्रायव्हरने त्यांच्या वयाचा उद्धार केला आणि तो निघून गेला. काकू खाली बसून मेथी गोळा करू लागल्या. मी त्यांच्या उजवीकडे उभी राहून विचारलं, लागलं का कुठे? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. डावीकडे जाऊन तेच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नाही गं. मेथी तेवढी दोनदा धुवायला लागेल."

मी कशी मठ्ठ, ते मला तिथे कळलं.

घरी आल्यावर त्यांनी कबूल केलं. आजारपणात उजवा कान गेला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी. आवाज ऐकू येत, पण सगळं जग डावीकडूनच येतंय असं वाटे. लेकीला सांगू नकोस, म्हणाल्या, ती नागपूरला नेऊन मला सोफ्यावर बसवेल. त्यांच्या लेकीचा नंबर माझ्याकडे होता. चार दिवस मी तो काढत होते आणि ठेवत होते. सांगावं तर काकूंची सायकल जाणार, न सांगावं तर एखाद्या शनिवारी काकूच जाणार. झोपेतसुद्धा मला तो हॉर्न ऐकू येई.

शेवटी मी फोन केला नाही. त्याऐवजी मी त्यांच्या मागून, उजव्या अंगाने सायकल चालवू लागले. जिथून टेम्पो, बस, डंपर अंगावर येतात, नेमकी तीच बाजू पुण्यातल्या सगळ्यात भित्र्या बाईच्या वाट्याला आली. मागे वळून बघायचं आणि ओरडायचं, बस आली, रिक्षा आहे, वळू नका. "हळू ओरड," काकू म्हणत, "एक कान अजून बरा आहे." दोन वर्षं आम्ही अशा फिरलो. माझी भीती एका शनिवारीही कमी झाली नाही. लोक म्हणतात, सवयीने भीड चेपते. माझी चेपली नाही.

मग एका शनिवारी चौकात मी "थांबा" म्हणून ओरडले आणि काकू थांबल्या नाहीत. बस त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. त्यांनी वळून माझा चेहरा पाहिला, आणि डावा कानही चालला हे आम्हा दोघींना एकदमच कळलं. त्या घरी आल्या, सायकलला कुलूप घातलं आणि आठवडाभर खाली उतरल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली. दळण संपलं होतं. दोघींच्या घरचे डबे मी कॅरिअरवर बांधले. मालगाडी मी कधीच चालवली नव्हती, सायकल घेऊन एकटी तर रस्त्यावर गेलेच नव्हते. उसनं हसू आणून मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "काकू, जाते."

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"येते म्हण."

मला वाटलं, चेष्टा करतात.

"मला रोज भीती वाटायची गं," त्या म्हणाल्या. "येते म्हटलं की तो शब्द पाळावा लागतो. म्हणून म्हणत नव्हते. तू म्हण."

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, येते.

वर्षभराने लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. शनिवारी दळण घेऊन परतले की जिन्याशीच थांबून मी मेसेज टाकते, ‘आले. जिवंत आहे.’ तो वाचल्याशिवाय काकू जेवायला बसत नाहीत, असं त्यांची लेक सांगते.