बिनफोडणीचं वरण

लेकीला कोकणात देऊन दोन महिने झाले होते. तिच्या सासरी घरात रेंज नाही. म्हणून ती चढ चढून रस्त्यावर यायची, मेसेज टाकायची आणि परत घरी उतरायची. त्या दुपारी मी इकडं झरी गावात आमच्या ओसरीवर डाळ निवडत बसले होते, तेव्हा तिचा मेसेज आला. "आज बी बिनफोडणीचं वरण आन भात. तीन दिवस झाले. जेवण जात न्हाई गं."

मी डाळीचं सूप बाजूला सारलं. आमच्याकडं वरणाला लसणाची फोडणी पडत नाही ती एकाच वेळी, घरातलं माणूस गेल्यावर. सुतकात कढई चुलीवर चढत नाही. आणि जावई तर घाटातून मालाचा टेम्पो चालवतात. अगं बाई गं! माझ्या मनानं तो टेम्पो दरीत घालून सुद्धा टाकला.

फोन लावला, लागेना. दहादा लावला.

"तसं असतं तर पोरीनं सांगितलं नसतं का?" मालक म्हणाले.

"कशी सांगल? कुणी गेलं तर आपुन बी पहिल्यांदा नुसतं आजारी हाय म्हणूनच कळवतो की!" मी खेकसले. मग ते उठून पिशवीत कपडे भरायला लागले. ते बघून मला लयच रडू फुटलं.

दिवेलागणीला फोन लागला.

"कोण गेलं?" मी ओरडलेच.

"कोण जाईल? सगळे ठणठणीत हायेत." लेक चक्रावली. वरणाचं विचारल्यावर हसत सुटली. "अगं आई, हितं रोजच असं करतेत. वरून तूप, लिंबू. मला आपल्या लसणाची आठवण यायलीय, दुसरं काय?"

"जावई कुठायत?"

"हे काय, शेजारीच उभे हायेत."

"त्यांना दे."

आजवर जावयांशी मी 'बरे हायेत ना' याच्यापुढं बोलले नव्हते.

"आई, काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई. तुमी बोला."

"काय बोलू?"

"काही बी. त्या वरणाचंच सांगा."

बिचारे सांगायला लागले. तूरडाळ मऊ शिजवायची, घोटायची, हळद, हिंग, मीठ, गुळाचा खडा. मी पदरानं डोळे पुसत ऐकत राहिले. त्यांचं सांगून झालं.

मी म्हटलं, "आणखी एकदा सांगा."