दुपारची थंड चूल

गाव सोडलं त्या सकाळी सासूबाई एसटीच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. तेरा माणसांच्या घरातली आम्ही दोघं निघालो होतो आणि उरलेली अकरा निरोपाला आली होती. वाटलं, आता रडतील. पण त्या म्हणाल्या, "येणारा माणूस आधी चूल बघतो. आरशासारखी ठेव." आमच्या माणदेशात माया अशीच, कामाला जुंपून दाखवतात. मी मान हलवली, आणि पुढं तो उपदेश इतका मनावर घेतला की संसारच बुडायची वेळ आली. गावी राहिलेल्या माझ्या जावांनो, आणि माझ्यासारख्याच निघून आलेल्यांनो, ती फजिती आज सांगून टाकते.

आमचे हे पिंपरीला नव्यानं निघालेल्या औषधाच्या कारखान्यात लागले होते. चिंचवड गावात भागूमावशींच्या घराचा अर्धा भाग आम्हाला भाड्यानं मिळाला. मावशी गावच्याच शेतकरीण, राहायच्या मागच्या मळ्यात. घराचा दुसरा अर्धा भाग रिकामा. आज पलीकडच्या काळेवाडीत पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा मावशींच्या अंगणातून त्या बाजूला बघितलं की नुसती ज्वारी दिसायची, आणि माणूस दिसला तर तो राखणदार.

हे पहिल्या पाळीला गेले की मी एकटी. गावी मला बोलायला सवड नव्हती, इथं बोलायला माणूस नव्हतं. शेवटी मी मावशींच्या म्हशीशी बोलू लागले. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही, पण तेवढ्यानं भागत नाही. माझं अन्न तुटलं, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. ह्यांनी घाबरून मामंजींना पत्र टाकलं. उत्तर आलं: महिनाअखेर शेजार मिळाला तर ठीक, नाहीतर सूनबाईंना इकडे आणून सोडावे, तुम्ही खाणावळीत जेवावे.

मला एकटेपण सोसत नव्हतं, पण ह्यांना सोडून जाणं त्याहून सोसणार नव्हतं. म्हणजे त्या रिकाम्या भागात कुणीतरी यायलाच हवं होतं. दोन कुटुंबं येऊन बघून गेली होती, आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरली होती. त्यांचं काही चुकलं नाही. आत गोवऱ्या रचलेल्या, कोनाड्यात कोंबडी अंड्यावर बसलेली, आणि भिंतीवर बोट ओढलं तर रेघ उमटावी इतकी काजळी. महिन्याचे चार दिवस उरले असताना ह्यांनी निरोप आणला की नगरकडचा एक फिटर आई-बायकोला घेऊन परवा दुपारी जागा बघायला येतोय.

मी पदर खोचला. मावशींना म्हटलं, चला. कोंबडीची समजूत घालून तिला टोपलीत बसवली. गोवऱ्या बाहेर काढल्या, जळमटं पाडली, भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. चूल पांढऱ्या मातीनं अशी सारवली की तिच्यावर कधी भाकरी झाली असेल असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. जमीन शेणानं सारवली. पाहुणे यायच्या दिवशी माझी स्वतःची चूलही पेटली नाही. रात्रीची शिळी भाकरी आम्ही उभ्यानंच खाल्ली. शेवटी जुनं मडकं बाहेर नेताना माझ्या हातून निसटलं आणि उंबऱ्यापुढंच फुटलं. असू दे म्हटलं, आणि काजळीनं भरलेलं डोकं धुऊन केस मोकळे सोडून पायरीवर बसले. शेजारी मावशी, चुन्यानं डोळे लालभडक.

तेवढ्यात पाहुणे आले. म्हातारीनं फुटलेलं मडकं बघितलं, माझे मोकळे केस बघितले, आत वाकून भरदुपारची थंड चूल बघितली, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून मटकन खाली बसली.

"कोण गेलं गं बाई?"

मावशी ओरडल्या, "कुनी न्हाई गेलं! आमी चूल सारवली!"

"आवं, जेवणाच्या येळंला चूल कोण सारवतं? ही तर सुतकाची कळा." म्हातारी उठली. "चल रे गणपत. अशा घरात पहिलं पाऊल नको."

गणपत चुळबुळत वळला. मला डोळ्यांपुढं गावची एसटी दिसली आणि मी भोकाड पसरलं.

"आता रडू नगंस गं बया!" मावशी दातओठ खात म्हणाल्या. "त्येस्नी खरंच वाटंल!"

मग मावशीच मळ्याकडं धावल्या आणि आपल्या चुलीतला विस्तव गोवरीवर घेऊन आल्या. "बसा वाईच. त्वांड ग्वाड केल्याबिगर जायाचं न्हाई." मी डोळे पुसत घाईघाईनं बेसनाचा डबा उघडला. मावशींनी तो हिसकावला. "पिठलं? येडी का काय! सुतकाचं जेवान वाढतीस व्हय?"

शिरा ठरला, आणि तोही त्याच नव्यानं सारवलेल्या चुलीवर. पण ओली चूल, ओली माती. धुराचा असा लोट उठला की माझ्या पांढऱ्या भिंती डोळ्यांदेखत काळवंडल्या. मी फुंकून फुंकून अर्धमेली झाले. तेव्हा इतका वेळ सासूमागं उभी असलेली गणपतची बायको, यमुना, आत आली आणि माझ्या हातातली फुंकणी तिनं काढून घेतली. "सरका ओ ताई. लाकडं कोंबलीत तुमी. जाळाला जागा कुठंय?" दोन लाकडं ओढली, एक फुंकर, आणि चूल भडकली.

तिथं बसूनच तिनं रवा भाजला. म्हातारीनं दारातून बघितलं, भिंतीवरचा काळा डाग बघितला, वास घेतला. मग मुलाला म्हणाली, "सून बसली की रं चुलीपाशी. आता काय उठवायची तिला? सामान आण."

मी गावी परत गेले नाही. दिवाळीला ह्यांनी जाऊ या म्हटलं, तर मीच म्हणाले, "यमुना एकटी पडेल."

आता हात गॅसच्या शेगडीवर चालतो आणि यमुना थेरगावात राहते. जावांनो, गावी आले की तुम्ही माझ्यासाठी पाट मांडता, पहिलं ताट मला वाढता, कामाला हात लावू देत नाही. तुमची माया मला कळते गं. पण पाटावर बसले की हेही कळतं, की मी इथली पाहुणी झाले. यमुनाच्या दारात गेले तर ती मान वर न करता म्हणते, "आलीस? बरं झालं. आधी तो लसूण सोल."

मी खाली बसते आणि सोलते.