उसात शिरण्याआधी

अक्काला तपासणीच्या कॅम्पमधून परत पाठवलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.
यंदा मी चव्वेचाळीसची झाले.

आज तिला जाऊन चार वर्षं झाली. हे मी दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. आत मॅमोग्राफीचं मशीन आहे.

अक्का माझी थोरली बहीण. निमगाव सावाला दिलेली.
त्या दिवशी ती सासूला घेऊन जुन्नरला स्तनांच्या तपासणीच्या कॅम्पला गेली होती. सासूबाईंची तपासणी झाली. टेबलावरच्या मॅडम अक्काला म्हणाल्या, "तुम्ही पन्नाशीनंतर या."
तेव्हा नियमच तसा होता. त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत.

अक्काने संध्याकाळी मला फोन केला. लई खुशीत होती.
"आमची म्हातारी पास झाली. मला म्हणल्या, तुमाला टाइम हाय. आपण अजून तरण्या हाओत गं."

पन्नाशी तिने पाहिलीच नाही.

मध्यंतरी मंचरला डॉक्टरांकडे गेले होते. जरा चिडूनच विचारलं, "तेव्हा पन्नास सांगत होतात ना?"
"हो. तेव्हा जेवढं कळलं होतं त्यावरून सांगत होतो," ते म्हणाले. "आता बरेच जण चाळीस म्हणतात. उद्या आणखी काही बदलेल. पण तुमच्या सख्ख्या बहिणीला कॅन्सर होता. तुम्ही आकड्याची वाट बघू नका."

मला राग आला. घरी येईपर्यंत रागच होता.
मग अक्काचा ऊस आठवला.

तिचं लग्न झालं तेव्हा तिकडे सांगायचे, दिवस मावळला की उसाकडे जायचं नाही. बिबट्या रात्रीचा निघतो.
पुढे बिबटे उसातच राहू लागले, उसातच पिल्लं घालू लागले. मग भर दुपारीही बायका एकट्या जाईनात. दोघी-दोघी जायच्या. बांधावर उभं राहून रिकाम्या डब्यावर विळ्याची मूठ आपटायची. थांबायचं. ऐकायचं. मग आत.

मी एकदा हसले होते. "अक्का, एवढ्या उन्हात कसला बिबट्या?"
"त्याला कुणी सांगितलंय व्हय, रातचाच ये म्हणून?"
"पण आधी तर रात्रीचंच म्हणायचे ना?"
"तवा तेवढंच ठाव व्हतं. आता जास्ती ठाव झालंय. मग काय, जुन्यावरच अडून बसायचं?"

हे बोलणारी माझी अक्का.
डबा वाजवल्याशिवाय उसात पाय न टाकणारी.
तिला तिच्या अंगातलं कुणी वेळेवर सांगितलं नाही, कारण तेव्हा तेवढंच ठाऊक होतं.

मला मात्र सांगितलंय. तरी मी दोनदा अपॉइंटमेंट पुढे ढकलली. एकदा गणपती आले म्हणून, एकदा लेकीची परीक्षा म्हणून.
खरं सांगू? बघितलं नाही तर ते नसेल, असं वाटतं.
आंघोळीला गेले की हात तिथे जातो आणि तसाच मागे येतो.

काल अक्काच्या पूजाचा फोन आला.
"मावशी, गेलीस का गं?"
"उद्या जाते."
"गेल्या वेळीपण उद्याच म्हणालीस."

मग हळूच म्हणाली, "तू जाऊन ये. मग मला सांग, मी कधी जायचं."

पोरगी पंचविशीची आहे. हा प्रश्न तिने तिच्या आईला विचारायचा होता.
डॉक्टरांना विचारून सांगते म्हटलं. पण त्यासाठी आधी मला इथे यायला हवं होतं.

म्हणून आले.

आत्ता सिस्टरने नाव पुकारलं. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलंय.

अक्का, मी बांधावर उभी आहे बघ. तू असतीस तर जोडीला आली असतीस.
आत काय आहे, मला ठाऊक नाही.
डबा वाजवलाय.
जाते आत.

तुला आजच्या दिवशी, भीत भीत, नमस्कार.