बोंबलांच्या ट्रेलरचा विमा

या परक्या देशात दातांचा विमा वेगळा, डोळ्यांचा वेगळा आणि उरलेल्या माणसाचा तिसराच. सुनेने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपली शाळा चौथीतच सुटली म्हणून आपल्याला समजत नाही. पुढे कळलं की शिकलेल्यांनाही समजत नाही. ते फक्त हप्ते भरतात.

आमच्या घरात सगळ्याचा विमा आहे. घराचा, दोन्ही गाड्यांचा, टीव्हीचासुद्धा. नव्हता तो ट्रेलरचा, आणि त्यावरून या उन्हाळ्यात जे बोलणं झालं ते लिहून ठेवते आहे. त्या बोलण्यात मी फारशी नव्हते. मी बहुतेक बोलण्यांत नसते.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. गाडीच्या मागे जोडायची आणि रानात न्यायची. आत पलंग, ओटा, गॅस, आणि धड वळताही येणार नाही एवढं न्हाणीघर. मुलाने तो घेतला तेव्हा म्हणाला, "आई, आता दर सुट्टीला निसर्गात." निसर्गात आम्ही एकदाच गेलो. तिथे इतकं उकडत होतं की दार लावून, एसी लावून सगळे आत बसलो, खिडकीतून झाडं पाहिली आणि परत आलो. तेव्हापासून ट्रेलर घराच्या मागे कुंपणाला लागून उभा. पुढे उभा केला तर वसाहतीची शोभा जाते म्हणे.

मी कोकणातली. सुके बोंबील तव्यावर भाजल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. सून पुण्याची, माहेर शाकाहारी. मी इथे आल्या आल्या ती गोड शब्दांत म्हणाली होती, "आई, तुम्हाला हवं ते करा, फक्त बोंबील घरात नको. एसीतून वास वर जातो, माझे ऑफिसचे कपडे वरच असतात." तिचं चुकलं नाही. वास येतोच. खाणाऱ्याला तेवढा येत नाही.

मग एके दिवशी मी तवा घेऊन ट्रेलरमध्ये गेले. आधी बोंबील भाजायला जात होते. मग भाजी निवडायला जाऊ लागले. मग काहीच करायचं नसलं तरी. घरात पाहुणे आले की कोणीतरी विचारतं, "काकू, इथे करमतं का?" आणि उत्तराची वाट न बघता ढोकळ्याकडे वळतं. ट्रेलरमध्ये कोणी विचारत नव्हतं, आणि करमत होतं.

मुलगा ऑफिसातून आला की गुपचूप मागे यायचा. उभ्या उभ्या दोन बोंबील खायचा, लिंबाची फोड हातांना चोळायचा आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराने आत जायचा. जसा काही आत्ताच आला.

वादळाच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या ओकच्या झाडाची एक मोठी फांदी मोडून कुंपण आणि ट्रेलर यांच्यामध्ये पडली. मी आतच होते. मुलगा धावत आला. ट्रेलरभोवती फिरला, टाचा उंचावून छत पाहिलं, वाकून चाकं पाहिली, मग दार ठोठावलं.

"आई, तू ठीक आहेस ना?"

"बोंबील करपले," मी म्हटलं.

"ट्रेलर वाचला," तो म्हणाला.

जेवताना सुनेने विषय काढला. "ट्रेलरला वेगळी पॉलिसी काढायला हवी."

"कशाला?" मुलगा म्हणाला. "गाडीची आहे ना. ट्रेलर गाडीच्या मागेच जातो."

"जातो कुठे? उभा आहे."

"मग उभ्या वस्तूला काय होणार?"

सुनेने खिडकीबाहेरच्या फांदीकडे नुसतं बोट दाखवलं.

"बरं, आपल्या आवारात आहे तो. मग घराची पॉलिसी देईल."

"तू एकदा ठरव, तो गाडीचा आहे की घराचा."

मुलगा इंजिनियर आहे. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "जाऊ दे यार, विकूनच टाकू. वापरतं कोण?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने कोशिंबीर वाढून घेतली.

रविवारी विमा विकणारे एक ओळखीचे गृहस्थ चहाला आले. मूळचे नागपूरचे. त्यांनी समजावून सांगितलं. ट्रेलर गाडीला जोडलेला असताना दुसऱ्या कोणाला धडकला, तर त्या दुसऱ्याचं नुकसान बहुतेक गाडीच्या पॉलिसीत भागतं. पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान तिच्यात येत नाही. सोडवून उभा केला आणि झाड पडलं, तर तेही नाही. घराची पॉलिसी फार तर आतल्या सामानाचं थोडंफार बघेल.

"हे काय लॉजिक?" मुलगा म्हणाला. "आपल्याच गाडीला जोडलेला, आपल्याच दारात उभा, आणि आपल्या एकाही पॉलिसीत नाही?"

"अरे, आई आपल्याच घरात राहतात ना?" सून म्हणाली. "तुझ्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये मी आहे, आपली मुलगी आहे. आई आहेत? त्यांची वेगळी काढलीच ना?"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला ट्रेलरचं सगळं लक्षात आलं. कुठल्याही वादात मी आजवर एवढी उपयोगी पडले नव्हते. माझी पॉलिसी वेगळी आहे हे खरंच आहे. तिच्यात माझे गुडघे नाहीत, कारण ते दुखतेच मी भारतातून आणले. बाकीची मी आहे.

"पटलं," मुलगा म्हणाला. "पण जी वस्तू कोणी वापरत नाही तिच्यासाठी पॉलिसी कशाला?"

"हे बाकी खरं," गृहस्थ म्हणाले. "वापर नसेल तर विकून टाका. माझ्या ओळखीचा एक जण शोधूनच राहिला आहे."

कप ठेवता ठेवता मी म्हटलं, "मी वापरते."

आवाज बारीक निघाला असावा. ते म्हणाले, "काय म्हणाल्या काकू?"

आता पुन्हा म्हणावं लागलं. "मी वापरते. रोज. बोंबील भाजते." आणि बोलायला लागलेच होते म्हणून पुढचंही निघून गेलं, "आणि हा येऊन खातो."

मुलगा कपात बघत राहिला.

"तरीच!" सून म्हणाली. "मला वाटायचं ऑफिसात लिंबू सरबत पितोस. आणि मोज्यांना कसला वास येतो म्हणून मी मशीन दोनदा साफ करून घेतलं!"

"मोज्यांचा वास बोंबलांचा नाही, तो..." मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस." मग ती त्या गृहस्थांकडे वळली. "काका, पॉलिसी काढा. ट्रेलर विकायचा नाही. विकला तर तो तवा माझ्या किचनमध्ये येईल."

माझा ट्रेलर असा वाचला. माझ्यासाठी म्हणून नाही, पण वाचला.

त्यांनी कागद काढले. "काकू, एक विचारावं लागेल. तुम्ही त्यात राहून राहिल्या का? राहत असाल तर पॉलिसी निराळी, हप्ता जास्त."

मुलगा आणि सून एकदमच म्हणाले, "नाही नाही!" एवढ्या एकमताने ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

"झोपता कुठे?" त्यांनी मलाच विचारलं.

"घरात. वरच्या खोलीत."

"मग राहतात घरात. दिवसा ट्रेलर वापरतात, असं खरं तेच लिहितो."

माणूस झोपतो तिथे राहतो. जागेपणी तो कुठेही असला तरी विमा कंपनीची हरकत नाही. मला हे आवडलं.

पॉलिसी आली. मुलगा आता उघडपणे मागे येतो आणि बसून खातो. सुनेने त्याचा एक जुना शर्ट ट्रेलरच्या दाराआड टांगून ठेवला आहे. तो घातल्याशिवाय बोंबलाला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

ओकच्या आणखी दोन फांद्या आमच्या बाजूला झुकल्या आहेत. पडल्या तर ट्रेलरचं ट्रेलरची पॉलिसी बघेल, आणि माझं माझी. गुडघे तेवढे मलाच सांभाळायचे आहेत.