मुरमाच्या ढिगावरची चार अंडी

उन्हाळ्यात आमच्या नगरात फोटो काढण्यासारखं काही नसतं, हे मला आजवर बऱ्याच जणांनी समजावलं आहे. त्यातल्या निम्म्या लोकांकडे हातभर लांब लेन्सचे कॅमेरे आहेत आणि पावसाळा लागला की ते भंडारदऱ्याला पळतात. पळोत बापडे. माझ्याकडे एक मोबाईल आहे, पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे आणि खिडकीखाली सावेडीतला एक रिकामा प्लॉट आहे. गुडघे दोन्ही कामातून गेलेत, पण डोळे शाबूत आहेत. तेवढ्यावर माझं भागतं.

त्या प्लॉटमध्ये कोणीतरी मुरमाचा ढीग टाकून ठेवला होता. यंदा चैत्र सरता सरता ढिगाच्या माथ्यावर टिटवीचं एक जोडपं दिसायला लागलं. घरटं म्हणावं असं काही नाही. खड्यांमध्ये छाती घासून केलेला बशीएवढा खळगा, बस. एका सकाळी त्यात अंडं दिसलं, मुरमाच्याच रंगाचं, वर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखं. दिवसा-दोन दिवसांनी एकेक करत चार झाली. मी रोज सकाळी सातला आणि दुपारी दोनला खिडकीच्या गजावर मोबाईल टेकवून त्याच जागेवरून फोटो काढायचे. शाळेत बत्तीस वर्षं हजेरी घेतली, ती सवय जाते कुठे?

त्यातही दुपारचे दोन मला जास्त आवडायचे. त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. टिटवी तेव्हा अंड्यांवर बसत नसे. ती पंख सैल सोडून उभी राहायची आणि अंगाची सावली अंड्यांवर धरायची. मी खाली पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. जोडीदार पाळीला आला की ती घमेल्यात उतरायची, पोटाची पिसं भिजवायची आणि तशीच निथळत परत येऊन अंडी ओली करायची. निथळतानाचा फोटो मिळायला मला अकरा दिवस लागले. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

शेजारच्या वहिनींना हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. त्यांचे सासरे आजारी होते आणि टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. मी विज्ञान शिकवलेली बाई. त्यांना सांगितलं, ती मांजराला ओरडते, यमाला बोलावत नाही. त्यांना ते पटलं नाही.

आणि मग शहाण्या बाईने स्वतःच घोळ घातला. माझं माहेर कर्जत तालुक्यातलं. तिकडे टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस ताडतात. ओढ्यात घातली तर पाणी कमी, उंचावर घातली तर भरपूर. जितकी अंडी तितके महिने पाऊस, आणि टोकं खाली असली तर सोन्याहून पिवळं. माझे वडील रानातून आले की आधी हे सांगायचे आणि मग पाय धुवायचे. माझा त्यावर विश्वास नाही. तरी एका दुपारी नुसती गंमत म्हणून मी चार अंड्यांचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ढिगाच्या माथ्यावर, चार. लागा कामाला.’

संध्याकाळपर्यंत तो फोटो भाचीच्या सासरहून मलाच परत आला. खाली कोणीतरी आमच्या गल्लीच्या खाणाखुणाही लिहिल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकली येऊ लागल्या. नगरला कामाला आलेली माणसं जाता जाता ढिगापाशी थांबायची, फोटो काढायची, समाधानाने मान हलवायची. गेला हंगाम कोरडा गेलेला, चांगली बातमी कोणाला नको असते? पण प्रत्येक खेपेला टिटवी उडायची आणि अंडी उघडी पडून भाजायची.

तिसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊच आला. मी त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीतून पाहिलं, तर साहेब ढिगावर बसलेले, अंडं चिमटीत धरून उजेडात फिरवताहेत आणि दोन्ही टिटव्या त्याच्या डोक्यावर झेपावताहेत. मी तशीच अनवाणी खाली गेले. गुडघ्यांनी कशी साथ दिली, ठाऊक नाही.

“टोक कुनीकडं हाय तेवढंच बघतुय, आक्का,” तो म्हणाला.

“ठेव खाली. आबांनी कधी हात लावल्ता का?”

वडील दहा पावलांवर थांबून बघायचे, त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने अंडं जपून ठेवलं आणि चहा न घेताच गेला. मी त्याच्यावर चिडले, पण त्याहून जास्त स्वतःवर चिडले. ज्या फोटोचं मला एवढं कौतुक, त्यानेच तिचं घर चव्हाट्यावर आणलं होतं.

फोटो फिरत फिरत पुण्यात राहणाऱ्या प्लॉटमालकापर्यंतही पोचला. आपल्या जागेत गर्दी जमते म्हटल्यावर तो धास्तावला. कोणाकडून तरी माझा नंबर मिळवून त्याने फोन केला, की गुरुवारी जेसीबी पाठवून सगळं सपाट करून घेतो. मी रोजच्या फोटोंवरच्या तारखा मोजल्या. पिल्लं बाहेर यायला गुरुवारनंतर पाचेक दिवस लागणार होते. तेवढे दिवस थांबा, म्हणून मी विनवलं. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, की मॅडम, पक्षी काय, दुसरीकडे घालतील.

त्या संध्याकाळी शेजारच्या वहिनींनीच तोड सुचवली. टिटवीची अंडी फोडून पाया घातला तर घर लाभत नाही, एवढं त्याला सांगा, म्हणाल्या, जागच्या जागी थांबेल. थांबला असताच. एका वाक्याचं खोटं आणि चार जीव वाचत होते. मी फोन हातात घेतला, त्याचा नंबरही काढला. पण मला साफ दिसत होतं, की ज्या टिटवीच्या भीतीने आज हात आखडतो, तिला उद्या हेच लोक दगड मारतील. आणि वहिनींना मी कोणत्या तोंडाने सांगितलं असतं, की तुमच्या सासऱ्यांच्या दुखण्याशी हिचा संबंध नाही? मी फोन केला नाही. आपण अंडी घालवून बसणार हे कळत होतं, तरीही केला नाही.

गुरुवारी सकाळी मी प्लॅस्टिकची खुर्ची, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन ढिगापासून दहा पावलांवर जाऊन बसले. नऊच्या सुमारास जेसीबी आला. चालक पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मालक त्याच्या फोनवरून माझी समजूत घालत होता. मी त्याला एवढंच ऐकवलं, की मी उठणार नाही. मग चालकाला सरळ सांगितलं, की शकुनबिकुन काही नाही, चार अंडी आहेत आणि पाचेक दिवस हवेत.

तो मशीन बंद करून खाली उतरला, ढिगाकडे चालत गेला आणि कोणी न सांगता लांबच थांबला. वडील थांबायचे तितक्याच अंतरावर.

“बाई, आमी रान नांगरताना बी टिटवीची जागा सोडतो,” तो म्हणाला. “बाजंएवढी. नांगर उचलायचा, म्होरं टेकवायचा.”

“शकुन म्हणून?” मी विचारलं. मास्तरीण ती मास्तरीणच.

“शकुन कशाचा? ती बसलेली आसती न्हवं.”

बत्तीस वर्षांत मला हे इतक्या कमी शब्दांत शिकवता आलं नव्हतं. त्याने सगळा प्लॉट सपाट केला आणि मधोमध बाजेएवढा ढिगाचा तुकडा ठेवला. मालकाला कळवलं, की तेवढं पाया खोदायला येईन तेव्हा काढतो. मशीन गल्लीबाहेर जाईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. टिटवी परत येऊन बसली, तेव्हा कुठे मला छत्री उघडायचीच राहिल्याचं आणि तोंड उन्हाने पोळल्याचं कळलं.

सहाव्या दिवशी सकाळी तीन पिल्लं बाहेर पडली. चौथं अंडं तसंच राहिलं, त्याचं वाईट वाटलं. अंडी भिजवून गार ठेवण्याइतका वेळ तिला आम्ही दिला नव्हता, असं मला अजूनही वाटतं. पिल्लं दुपारच्या आतच ढिगावरून उतरली. आईने इशारा दिला की जमिनीला चिकटायची आणि दिसेनाशी व्हायची. तशी ती चिकटलेली असतानाच मी एक फोटो घेतला. त्यात तिन्ही आहेत. मला मात्र आजही दोनच सापडतात.

तोच फोटो मी माहेरच्या ग्रुपवर टाकला. लगेच सुरू झालं. कुठे आहेत? नुसता मुरूम दिसतोय. चुलतभावाने विचारलं, की चौथं फुटलं नाही, म्हणजे पाऊस तीनच महिने का. एका भाचीने लिहिलं, मावशी, लाल गोल करून पाठव ना.

लाल गोल करता येतो मला. आयुष्यभर वह्यांवर तेच केलं आहे. या वेळी नाही करणार. मी खाली एकच शब्द लिहिला आणि मोबाईल ठेवून दिला.

‘आहेत.’