यादीत नसलेलं विष

निवृत्तीच्या दिवशी पिस्तूल, कपाटाच्या किल्ल्या, चालू प्रकरणांच्या फायली असं सगळं पुढच्या अधिकाऱ्याच्या हवाली करता येतं. एक प्रकरण मात्र मला कुणाच्याच हवाली करता आलं नाही. ते आठवलं की आजही तोंड कडू होतं. ज्यांना गोड शेवट लागतो त्यांनी इथेच थांबावं. नावं कुणाचीच देणार नाही.

मी हैदराबादचाच. आमचं घराणं जुन्या निजामी राज्यातल्या मराठी मुलखातलं. आजोबा शेती सोडून इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, शाळेत तेलुगू, गल्लीत दखनी. खात्यात तिन्ही भाषा कामी आल्या. नोकरीची शेवटची वर्षं अमली पदार्थविरोधी पथकात गेली.

एका सकाळी शहरातल्या तारनाका भागातून एक नवरा-बायको भेटायला आले. नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, दोघं आपले मराठीच. त्यांचा एकुलता एक मुलगा इंजिनीअरिंगला होता. तो हॉस्टेलच्या गच्चीवरून पडून गेला होता. तिथल्या ठाण्याने पंचनामा केला. रक्ताच्या तपासणीत दारू नाही, गांजा नाही, काहीच सापडलं नाही. 'अभ्यासाच्या ताणातून आत्महत्या' असा निष्कर्ष लिहून फाइल बंद झाली.

वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. मुलाच्या मित्रांनी त्यांना सांगितलं होतं की त्याने कसलासा पाला ओढला आणि कुणी मागे लागल्यासारखा भेदरून पळत सुटला. पण मित्र जबाब द्यायला तयार नव्हते. मी माझं नेहमीचं वाक्य बोललो. "हे बघा, तोंडी काही चालत नाही. लेखी आणा." बाई शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या.

बायकोला बाहेर बसवून वडील एकटेच पुन्हा आत आले.

"साहेब, त्या दिवशी सकाळी ही त्याला फोनवर लई बोलली होती. मार्कांवरून. तवापासून हिच्या डोक्यात बसलंय की माझ्या बोलण्यानंच गेला. मी लाख समजावलो, परेशान झालो, ऐकत नाही. सरकारी कागदावर खरं आलं तर मानंल. मला कुणाला फाशी नको. तेवढं कागदावर आणा."

मी हो म्हटलं.

पहिला धागा कोठी भागातल्या बाजारात मिळाला. तिथे फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारा एकजण माझा खबरी होता. कोठीत पुस्तकं विकायला मुलं येतच असतात, त्यात नवल नाही. त्याला खटकलं ते वेगळंच.

"इम्तेहान के बाद बेचते साब, पैले कोन बेचता?" तो म्हणाला. "ये पोट्टे पैले बेचरे. और यहाँ से सीदा वो ऊदबत्ती की दुकान में जारे."

देवभक्ती एवढी वाढली असेल असं मला वाटलं नाही. पंच घेऊन दुकानावर छापा घातला. धूप-उदबत्तीच्या मागे चकचकीत पाकिटं होती. आत वाळका, चुरलेला पाला. वर छापलेलं: 'सुगंधासाठी. मानवी सेवनासाठी नाही.' माझ्या हेड कॉन्स्टेबलने नाकाशी धरून मान हलवली. गांज्याचा वास नव्हता. आमच्या तपासणीच्या किटमध्येही काही दिसलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या मुलाच्या रक्तात काही सापडलं नव्हतं, कारण शोधणारे गांजा शोधत होते.

दुकानदाराने पहिल्याच चहाला नाव सांगितलं. ते सिकंदराबादच्या एका दलालाचं होतं, धंदा रसायनांचा. दलाल जरा मुरलेला होता. आधी तो दमदाटी करत होता, मग रडला. रडणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. माणूस रडून झाल्यावर पाणी मागतो, तेव्हा ऐकायला बसावं. त्याने पाणी मागितलं आणि सांगितलं की पाला साधाच असतो, त्यावर मारायची भुकटी शहराबाहेरच्या एका खासगी प्रयोगशाळेतून येते.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मलाही ते तेव्हाच समजलं. गांजा मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन काम करतो. त्याच जागांवर काम करणारे, पण गांज्याच्या झाडाशी काडीचाही संबंध नसलेले पदार्थ शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत तयार करतात. मेंदूचा अभ्यास करायला, दुखण्यावर औषध शोधायला त्यांचा उपयोग होतो. काम चांगलंच आहे. पण त्यातले काही गांज्याच्या कितीतरी पट जहाल असतात. चिमूटभर भुकटी परीक्षानळीत असली तर ते संशोधन. तीच पाल्यावर मारून पोरांच्या हातात दिली तर काय, ते तारनाक्याच्या त्या घरी जाऊन विचारावं.

प्रयोगशाळेचे मालक पुण्याचे, डॉक्टरेट मिळवलेले. नोटीस मिळताच आले. इस्त्रीचा शर्ट, मृदू बोलणं. माझं मराठी ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. "अहो, तुम्ही आपलेच निघालात!" जणू मराठी म्हणजे अटकपूर्व जामीनच. वर म्हणाले, तुमचं मराठी मात्र जरा वेगळंच आहे हं. मी म्हटलं, बारा कोसांवर भाषा बदलते, आपल्यात तर बरेच कोस आहेत.

त्यांचं उत्तर तयार होतं. आपण संशोधन संस्थांना चिमूटचिमूट नमुने विकतो, दलालाला ओळखत नाही, त्याचा माल दुसऱ्या कुणाचा तरी असणार. आमच्या सरकारी प्रयोगशाळेला तर त्या भुकटीचं नावही सांगता येईना. ताडून पाहायला शुद्ध नमुना लागतो आणि तो आसपास फक्त ह्यांच्याकडेच मिळत होता. आम्ही रीतसर मागितला, ह्यांनी रीतसर पाठवला. ताळा जमला. पदार्थ तोच. पण पदार्थ तोच असला तरी बनवणारा कोण, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं.

अशा माणसापुढे दंडुका आपटून उपयोग नसतो. नोकरीत मी बनावट नोटा छापणारे पाहिले, खोटे दागिने घडवणारे पाहिले. कसबी माणसाला चोर म्हटलेलं चालतं, त्याच्या कामाला नावं ठेवलेली चालत नाहीत. पुढच्या चौकशीत मी फाइल मिटत सहज म्हणालो, तुमचं म्हणणं खरं दिसतं, आमचे लोक म्हणतात की दलालाकडचा माल अगदीच गावठी आहे, कुठल्या तरी शेडमध्ये अर्धवट शिजवलेला.

असं कुणीही म्हटलं नव्हतं. पण गृहस्थांचे कान लाल झाले.

"अर्धवट?" ते म्हणाले. "त्याची शुद्धता बघा जरा. ह्या शहरात दुसऱ्या कोणी एवढी काढून दाखवावी."

मग त्यांनी जीभ चावली. हेड कॉन्स्टेबल खिडकीबाहेर पाहू लागला, हसू दिसू नये म्हणून.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण अडखळलेल्या माणसाला मी सावरायला वेळ दिला नाही. तुमचंच काम चांगलं हे कशावरून, असं विचारलं. त्यांनी कशावरून ते सांगितलं. प्रत्येक खेपेला तयार झालेल्या मालातला थोडा भाग बाजूला काढून शीतपेटीत ठेवायचा, ही त्यांची विद्यार्थीदशेपासूनची शिस्त. उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला. पंचांसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने ती बाटली काढून दिली. चोर चोरीची पावती ठेवत नाही. हा ठेवत होता, कारण आपण चोर आहोत असं त्याला वाटतच नव्हतं.

बाटलीने सगळं सांगितलं. घरोघरच्या गोड्या मसाल्याचा वास वेगळा असतो, तशी प्रत्येक खेपेच्या मालात बनवताना राहिलेली सूक्ष्म अशुद्धी वेगळी असते. बाटलीतली आणि दलालाकडची अशुद्धी एकच निघाली. मग मी त्या मुलाचा शवविच्छेदनात राखून ठेवलेला व्हिसेरा पुन्हा तपासायला लावला. ह्या वेळी काय शोधायचं ते ठाऊक होतं. तो पदार्थ सापडला. वडिलांना फोन करून सांगितलं. पलीकडून हुंदका ऐकू आला. त्या दिवशी मी पथकाला उस्मानिया बिस्किटं खाऊ घातली.

पुढे कोर्ट. आरोपीच्या वकिलांनी एकच मुद्दा मांडला: हा पदार्थ कायद्याच्या यादीत आहे का? नव्हता. त्याचा आधीचा भाऊबंद होता. तो यादीत आल्यावर आमच्या डॉक्टरसाहेबांनी रचनेत एवढासा फरक करून नवा पदार्थ काढला होता. काम तेच, नाव नवं. न्यायाधीशांनी आमच्या सरकारी वकिलांना तोच प्रश्न विचारला. त्यांना 'नाही' म्हणावं लागलं. मोठी कलमं गळून पडली. परवान्याचं आणि लेबलाचं एक किरकोळ कलम उरलं, त्याच्या तारखा अजून पडताहेत.

कोर्टाच्या पायऱ्यांवर डॉक्टरसाहेब मला भेटले. चेहऱ्यावर गुर्मी नव्हती, ती असती तर बरं वाटलं असतं. "साहेब, राग मानू नका. मी कायद्याबाहेर कधी गेलोच नाही. आणि पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं की." त्यांनी हात पुढे केला. मी माझे हात मागेच ठेवले.

राहिला तो एक कागद. त्या मुलाच्या मृत्यूचा निष्कर्ष बदलावा म्हणून मी पुरवणी अहवाल पाठवला. तो शेरा मारून परत आला. पदार्थ अनुसूचीत नसल्याने मृत व्यक्ती अमली पदार्थाच्या अमलाखाली होती असे म्हणता येत नाही, सबब पूर्वीचा निष्कर्ष कायम. पुन्हा पाठवला, पुन्हा परत आला. तेवढ्यात माझी निवृत्ती आली.

नंतर तो पदार्थ यादीत आला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. यादी लागू झाली त्या दिवसापासून पुढे. मागच्यांना लागू नाही. तरी मी ते कात्रण घेऊन तारनाक्याला गेलो.

मुलाच्या फोटोला ताजा हार होता. वडिलांनी कात्रण वाचून खिशात ठेवलं. मी बाईंसमोर बसलो आणि सगळं सविस्तर सांगितलं. वहिनी, तुमच्या बोलण्याने काही झालं नाही. पोरं आईचं बोलणं ऐकतात आणि विसरतात. त्याला विषाने नेलं, हे मी स्वतः तपासलंय, मी छातीठोकपणे सांगतो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही चांगले आहात, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण तसं असतं तर कागदावर आलं असतं ना. तोंडी काही चालत नाही, तुम्हीच म्हणाला होतात."

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. कायदा हुशार माणसाच्या मागून चालतो, हे मला आधीच ठाऊक होतं. पण आयुष्यभर मी समोरच्याला लेखी आणा, लेखी आणा म्हणत आलो. त्या माउलीला फक्त एक ओळ लेखी हवी होती, आणि ती मला देता आली नाही. मी चहा संपवला आणि निघालो. त्या घरी पुन्हा जायचं धाडस झालेलं नाही.