जेवल्यावर एक गोळी

भद्रावतीच्या कॉलनीत त्या वर्षी एका डॉक्टरच्या कॅसेटींनी सगळ्यांना वेड लावलं होतं. दवाखान्यातल्या गमतीजमतींचं त्याने पुस्तक लिहिलं होतं आणि ते स्वतःच्याच आवाजात वाचून कॅसेटी काढल्या होत्या. शेजारणी पोट धरधरून हसत. तिकडे गावी माझ्या मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्याला हिरवी पट्टी, वाकायचं नाही, तळ्यावर मासे धरायला जायचं नाही. तिचं हसूच गेलं होतं. तिला हसवायचंच, म्हणून एक कॅसेट आणि टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी एसटीने सिंदेवाहीकडच्या आमच्या गावी गेले.

दुपार होती. तळ्यावरून ओलसर वारा येत होता, अंगणात मोहफुलं वाळत होती, आणि त्या गोड वासात आम्ही मायलेकी खाटेवर अर्धवट झोपेत पडलो होतो. डॉक्टरचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. खरं सांगायचं तर मला काही हसू येईना. हा गृहस्थ विनोदाच्या आधी स्वतःच हसून घ्यायचा. तरी मी मायला म्हणत राहिले, थांब, मजा पुढे आहे.

पुढे कॅसेटमध्ये खेड्यातली एक बाई आली. प्रत्येक जेवणानंतर एक, अशा रोजच्या तीन गोळ्या डॉक्टरने तिला दिल्या होत्या. आठवड्याने ती परत आली तर ताप तसाच, आणि पदराच्या गाठीत बहुतेक गोळ्या शिल्लक. घेतल्या का नाहीत विचारलं, तर म्हणाली, जेवली तेव्हा घेतली ना. डॉक्टर खो खो हसला.

माय हसली नाही.

"बरोबरच केलं तिनं," ती म्हणाली. "सांजीच चूल पेटत असन तिच्या घरी. धान निघाच्या आधी आपलं बी तसंच होतं."

ते दिवस मला आठवत होते. भुकेची आठवण होऊ नये म्हणून माय आम्हाला दुपारी थोपटून झोपवायची. त्या डॉक्टरचा मला असा राग आला की टेप बंद करायला मी हात पुढे केला. मायने तो धरला.

"मंग बरी झाली का ते?"

डॉक्टर तर केव्हाच पुढच्या गमतीवर गेला होता. मी कॅसेट मागे फिरवली. तीच बाई, त्याच गोळ्या, तेच हसणं. पुढचं काही त्याने सांगितलंच नव्हतं.

"दुसऱ्या बाजूले असन," माय म्हणाली.

मी कॅसेट उलटवली, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी त्या बाईची वाट पाहत राहिलो.